बिनपोत्याच्या चाळीस हाका

मैनुद्दीनचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. घोरपडे पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो उठायचा आणि आधी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायचा. बारा गुळण्या, कमी नाही. मग मशीद, मग चहा आणि शिळी भाकरी, मग सेव्हन लव्हज चौकावरून चालत गुलटेकडीचं मार्केट यार्ड. पावणेसहाला तो भुसार बाजारात हजर. टोळीतले आम्ही बाकीचे सहाला यायचो. आम्हाला पाठ लागत होती, त्याला गळा लागत होता.

तो आमच्या टोळीची पोती मोजायचा. हे काम आता कुणाला माहीत नसेल म्हणून सांगतो. ट्रक गाळ्यासमोर लागला की त्याचा मागचा फाळका पडायचा. दोघं वर चढून पोतं उचलून द्यायचे, सहा जण पाठीवर घेऊन आत थप्पी लावायचे. क्विंटलचं पोतं. मैनुद्दीन फाळक्याजवळ उभा असायचा. पोतं पाठीला टेकलं की तो हाक द्यायचा. पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही, ही बाजाराची रीत. बाकीचे मोजणारे 'लाभ' म्हणायचे, मैनुद्दीन 'बरकत' म्हणायचा. शेठ लोकांना दोन्ही चालायचं. मग दोन, तीन, चार. चाळीसला एक थप्पी.

हाक लांबवायची असते. त्याची हाक संपेपर्यंत हमालाची चार पावलं पडलेली असायची, आणि त्या चार पावलांत श्वास जागेवर यायचा. दोनशे पोत्यांचा ट्रक त्याच्या हाकेवर एक तास दहा मिनिटांत खाली व्हायचा. दुसरा मोजायला असला की दीड तास. मी गाळ्यातल्या घड्याळावर पाहिलेलं आहे.

आणि एक नियम होता. पाठीवर पोतं नाही तर हाक नाही. पोतं निसटलं तर हाक तोंडात धरून ठेवायची, तेच पोतं पुन्हा उचललं की सोडायची. कारण आत दिवाणजी बसलेले. त्यांना ट्रक दिसत नाही. ते फक्त आवाज ऐकतात आणि लिहितात. मैनुद्दीनने बारा वर्षं मोजलं, आधी नाना पेठेत, मग इथे. बारा वर्षांत त्याची थप्पी कुणी परत मोजली नाही.

त्याआधी वीस वर्षं त्याने पोती वाहिली होती. उजवा गुडघा त्यात गेला. जिना उतरताना तो भिंतीला हात लावायचा. मोजायची जागा होती म्हणून तो बाजारात होता. ती गेली तर पुन्हा पोतं, हे त्याला माहीत होतं, आम्हालाही.

एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत श्रीनिवास वझे बाजारात आले. चाळिशीचे, बारीक, खांद्याला टेपरेकॉर्डर. ते विजेचे इंजिनिअर होते आणि जर्मनीत राहून यंत्रांचं संगीत शिकून आले होते. पेटी नाही, तबला नाही, गाणारा नाही. यंत्रातून सूर काढायचा, तो टेपवर घ्यायचा, टेप कापायची, जोडायची. हिंदुस्थानात हे कुणी करत नव्हतं, असं ते सांगायचे. तीन दिवस ते फाळक्याजवळ उभे राहिले. ट्रकचे हॉर्न, हमालाच्या लोखंडी आकड्याचा पोत्यात घुसण्याचा आवाज, सगळं घेतलं. चौथ्या दिवशी मैनुद्दीनला म्हणाले, "अहो, तुमची हाक मला स्वच्छ हवी. मागे ट्रक नको."

"ट्रकशिवाय हाक कशी येईल, साहेब?"

"माझ्या खोलीवर या. दोन दिवसांची हमाली देतो."

आमचा मुकादम मच्छिंद्र बाजूला तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "जा की. बसून पैसं मिळत्यात तर आमचंबी तोंड घिऊन जा."

वझ्यांची खोली म्हणजे प्रभात रस्त्यावरच्या बंगल्याची गॅरेज. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यांना भिंतींना बारदान लावायचं होतं. आमच्याच बाजारातून त्यांनी रिकाम्या पोत्यांचे नऊ गठ्ठे घेतले. ते हातगाडीवर घालून मी आणि मैनुद्दीनने नेले. मी ओढली, त्याने मागून लावली. लक्ष्मी रस्त्यापाशी तो म्हणाला, "दत्तोबा, गळा आता दीडशेला फाटायला लागलाय. तू ऐकतोस ना?"

मी ऐकत होतो. नाही म्हणालो.

"हा वझे म्हणतो, तबकडीत हाक जशीच्या तशी राहते. मी गेल्यावर पण."

म्हणून तो गेला. दोन दिवसांच्या हमालीसाठी गेला, असं नंतर बाजारात म्हणत होते. ते खरं नाही.

बारदान ठोकायला दोन दिवस लागले. चारी भिंती आणि छत, दुहेरी. खिळे मी ठोकले. काम झाल्यावर आत उभं राहिलं की कान दाबल्यासारखे व्हायचे. वझ्यांनी मला बाहेर जायला सांगितलं, माझा श्वास यंत्रात येत होता म्हणून. दार अजून पुरतं लागलं नव्हतं तेव्हा मी मैनुद्दीनचा आवाज ऐकला.

"हाक कशावर देऊ? पोतं कुठे आहे?"

वझे हसले. "समोर इतकी पोती आहेत की."

मैनुद्दीन भिंतीजवळ गेला. एका बारदानाला त्याने हात लावला. मग दार लागलं.

त्याने चाळीस हाका दिल्या. एक थप्पी पुरी करून थांबला. परतताना मी विचारलं, "काय मोजलंत, मैनुद्दीनभाई?"

"बारदान," तो म्हणाला.

वझ्यांनी त्या टेपवर चौदा महिने काम केलं. पावसाळ्यात छत गळून बारदान कुजलं, तेव्हा बदलायला मी दोनदा गेलो, म्हणून मला माहीत आहे. लोखंडी कपाटाएवढी एक पेटी त्यांनी स्वतः सोल्डर करून बनवली होती. बटण फिरवलं की तिच्यातून कुत्र्याच्या विव्हळण्यासारखा सूर निघायचा. टेप ते ब्लेडने कापायचे. बोटाएवढे, पेराएवढे तुकडे. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी चिकटवून दोरीवर टांगलेला. अकराशे तुकडे होते. दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या. मी विचारलं, हे सगळं किती वेळ वाजणार? म्हणाले, एका बाजूला बावीस मिनिटं. ते संगीत मला कळलं नाही, अजून कळत नाही. पण त्या माणसाने कामात चोरी केली नाही, हे मी सांगू शकतो.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत तबकडी निघाली. तिचं नाव 'बारदान'. तीनशे प्रती. कर्वे रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या सभागृहात ती लोकांना ऐकवायची होती. वझ्यांनी आमच्या अख्ख्या टोळीला बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. आम्ही नऊ जण. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेलो. मैनुद्दीनने ईदची टोपी घातली होती. बायको जैनब आणि मुलगी नजमा मागच्या रांगेत.

वझे उभे राहिले. पहिले इकडचं तिकडचं बोलले. मग मैनुद्दीनकडे हात करून म्हणाले, "या माणसाचं मला फार नवल वाटतं. खोलीत एकही पोतं नव्हतं. रिकाम्या खोलीत यांनी चाळीस पोती मोजली, आणि तीही अशी, की मला वजन ऐकू आलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या रांगेत कुणी हात हलवला नाही.

मग दिवे मंद झाले आणि दोन मोठ्या भोंग्यांतून आवाज सुरू झाला. आधी ती पेटी विव्हळली. मग आकडा पोत्यात घुसल्याचा आवाज, पण शंभरपट मोठा. मग मैनुद्दीन. 'बरकत.' पुन्हा 'बरकत.' मग नुसतं 'बर', 'बर', 'बर'. मग एकोणीस. मग बारा. मग बरकत उलटी, शेपटाकडून. सदतीस इतकी लांबवली, की त्यात हमाल गाळ्यापर्यंत जाऊन परत आला असता. मोजणी पुढे जायचीच नाही. दर वेळी पहिल्यावर यायची. माझ्या शेजारी आमच्यातला एक म्हातारा होता, तो मांडीवर बोटं आपटून मोज लावायला बघत होता. थोड्या वेळाने त्याने हात खिशात घातले.

बाहेर आल्यावर मच्छिंद्रने विचारलं, "मैनुद्दीनभाय, कंची पोती हुती ती?"

मैनुद्दीन म्हणू शकला असता, की बाजारातलीच हाक घेतली. वझ्यांचं बोलणं त्याने खोटं पाडलं असतं तर आम्ही मानलंही असतं. तो म्हणाला, "पोती नव्हती."

"मंग हाक कशाला दिली?"

"समोर बारदान होतं."

"बारदान म्हंजी पोतं न्हाय."

"नाही," मैनुद्दीन म्हणाला.

तिथेच संपलं असतं. पण दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. खाली वझ्यांचं वाक्य छापलेलं, एकही पोतं नसताना चाळीस मोजल्याचं. पेपर दिवाणजींच्या गादीवर होता. ते सदाशिव पेठेतले, आवाज न चढवता बोलणारे. म्हणाले, "अभिनंदन, मैनुद्दीन. आम्हाला कल्पनाच नव्हती, की आपण मालाशिवायही मोजता."

पुढच्याच आठवड्यात बार्शीकडून ज्वारीचा ट्रक आला. पावतीवर एकशेसाठ. मैनुद्दीनची मोजणी एकशे अठ्ठावन्नला थांबली. पूर्वी दिवाणजींनी एकशे अठ्ठावन्न लिहून ड्रायव्हरला जाब विचारला असता. त्या दिवशी त्यांनी टाक खाली ठेवला.

"दोन पोती तबकडीत राहिली असतील. थप्पी उतरवा आणि पुन्हा मोजा."

आम्ही चार थप्प्या उतरवल्या आणि पुन्हा लावल्या. एकशे अठ्ठावन्नच भरली. मैनुद्दीन बरोबर होता. दिवाणजींनी तसं लिहिलं. पण दुसऱ्या दिवशीच्या ट्रकलाही ते म्हणाले, पुन्हा मोजा. तिसऱ्या दिवशीही. शेजारच्या गाळ्यांनीही तेच सुरू केलं. थप्पी उतरवून परत लावायची तर ती दुप्पट मेहनत, आणि तिचा एक पैसा कुणी देत नाही. आमचे दिवसाचे दोन ट्रक कमी झाले.

मैनुद्दीन वझ्यांकडे गेला. म्हणाला, साहेब, बाजारात येऊन जरा सांगा. वझे लगेच आले, स्कूटरवरून. माणूस सरळ होता. गादीसमोर उभं राहून त्यांनी दिवाणजींना नीट समजावलं.

"अहो, यात मोजण्याचा संबंधच नाही. मला त्या आकड्यांचा अर्थ नकोच होता. मला फक्त आवाज हवा होता."

दिवाणजींनी चष्मा काढून पुसला. "अर्थ नको होता, फक्त आवाज," ते आमच्याकडे बघत म्हणाले. "आमचं नेमकं उलट आहे हो. बसा, चहा घ्या."

वझ्यांनी चहा घेतला. त्यांना वाटलं, काम झालं.

महिन्याभराने मच्छिंद्रने निर्णय घेतला. त्याला तो घेणं आवडलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्याने आपला स्वतःचा आकडा मैनुद्दीनच्या हातात दिला. नवा आकडा द्यायला त्याचं मन झालं नसावं.

"टोळी उपाशी ऱ्हातीया, मैनुद्दीनभाय."

"मला कळतं."

"वर चढून उचलून द्यायचं काम करा. पाठीवर नगं."

"वर चढायला गुडघा लागतो," मैनुद्दीन म्हणाला. "पाठ अजून आहे."

तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. पहिल्या दिवशी पहिल्या ट्रकला त्याने अठरा पोती नेली. आम्ही तेहेतीस न्यायचो. हाक देणारा नवा पोरगेला माणूस होता, त्याची हाक तोकडी. त्या हाकेवर मैनुद्दीनचा दुसऱ्या पावलालाच श्वास चुकायचा. तरी त्याने त्याला कधी शिकवलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "माझ्याकडून शिकलाय असं कळलं तर त्याचीही थप्पी उतरवतील."

गुळण्या त्याने बंद केल्या. उठायची वेळ सव्वाचारचीच राहिली.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी त्याने गाळ्यातून ज्वारीचं एक पोतं विकत घेतलं. एका पोत्याला त्याची आठवड्याची हमाली जायची. मला वाटलं घरी नेतोय. त्याने ते पाठीवर घेतलं आणि हमालांच्या भाकरीच्या केंद्रावर नेलं. हे केंद्र बाजारातच होतं. तिथे बायका भाकऱ्या थापायच्या आणि आम्हाला स्वस्तात झुणका-भाकर मिळायची. गाळ्यापासून चारशे पावलं. पोतं उतरवायच्या आधी, पाठीवर असतानाच, त्याने हाक दिली. "बरकत."

भाकरीवाल्या सोजरबाई परातीवरून मान वर करून बघत राहिल्या. "काय वो हे? कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. माझं आहे. दळून घ्या."

पुढच्या पोत्याला हाक 'दोन'. मग 'तीन'. वर्षाला पाच, कधी सहा पोती व्हायची. आम्हाला तिसऱ्या पोत्याला उलगडा झाला. त्या खोलीत दिलेल्या प्रत्येक हाकेखाली तो एक एक पोतं आणून ठेवत होता. टोळीतले काही हसले. मच्छिंद्र हसला नाही. पोतं न्यायची वेळ आली, की तो तोंड फिरवून बिडी पेटवायचा.

दिवाणजी विचारायचे, "आज कितवं?"

"अकरा."

"आणि तबकडी उलटी लावली तर? परत आणणार का?"

मैनुद्दीन पोतं पाठीवर घेऊन निघायचा.

जैनबभाभी एकदा बाजारात आल्या. पावसाळा होता, त्यांच्या खोलीचा पत्रा दोन वर्षं गळत होता, नजमाला दमा लागला होता. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दत्तोबाभाऊ, तुम्ही सांगा यांना. जगाला भाकरी, आणि घरात पातेली मांडून ठेवलीत पाणी धरायला. कुणी मागितली का यांच्याकडे पोती?"

मी मैनुद्दीनला म्हणालो, "भाभी बरोबर बोलतायत. कुणी मागितलेली नाहीत."

"माहीत आहे."

"दिवाणजी जागा परत देणार नाहीत. चाळीस काय, चारशे आणा."

"दत्तोबा," तो म्हणाला, "बारा वर्षं मी पोत्याशिवाय तोंड उघडलं नाही. मग चाळीस वेळा उघडलं. तबकडी काही पुसता येत नाही. तीनशे घरांत आहे ती. पोती तर आणता येतात."

भाभींचं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. नजमाचा दमा पुढे कधी गेलाच नाही.

सत्त्याऐंशीत वझे पुणं सोडून परदेशी गेले. गॅरेज पाडली. बारदान रद्दीवाल्याने उचललं, असं कळलं. तबकडी मी पुन्हा कधी ऐकली नाही. मैनुद्दीनकडे एक होती, पण वाजवायचं यंत्र नव्हतं. ती भिंतीला टेकवून ठेवलेली असायची, पिठाच्या डब्यामागे.

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये एकोणचाळिसावं पोतं झालं. त्यानंतर जूनमध्ये तो थप्पीला लावलेल्या फळीवरून घसरला. पोतं गुडघ्यावर आलं. ससूनमध्ये सहा आठवडे. पाय वाचला, पण वाकायचा बंद झाला. हमाली संपली. टोळीने वर्गणी काढली, ती त्याने घेतली आणि जैनबभाभींच्या हातात दिली. हमालांच्या मंडळातून हमालीतले कापलेले पैसे मिळाले, त्यातून पत्रा बदलला. नऊ वर्षांनी.

थोडे पैसे त्याने वेगळे ठेवले होते. ब्याण्णवच्या जानेवारीत तो काठी टेकत बाजारात आला आणि ज्वारीचं एक पोतं घेतलं. मी आकडा काढला. "मी नेतो. तुम्ही नुसती हाक द्या."

"तुझ्या पाठीवर असेल तर ती तुझी हाक झाली."

"मग नेणार कसं?"

त्याने गाळ्यातून दहा लहान पिशव्या मागून घेतल्या. पोतं उसवलं. मापाने प्रत्येक पिशवीत दहा किलो ज्वारी भरली. माप सारखं करून, बोटाने काठावरून ओढून. मग पहिली पिशवी खांद्यावर घेतली, दुसऱ्या हातात काठी, आणि निघाला.

जायला चारशे पावलं, यायला चारशे. दहा खेपा म्हणजे आठ हजार पावलं, एक पाय न वाकवता. सकाळी सव्वासातला त्याने सुरुवात केली. चौथ्या खेपेनंतर तो पाण्याच्या पिंपाला टेकून उभा राहिला. सहाव्या खेपेनंतर बसला, आणि उठताना मला हात द्यावा लागला. तेवढा त्याने घेतला. पिशवीला हात लावू दिला नाही. टोळीने एक ट्रक अर्धा खाली करून थांबवला होता. मच्छिंद्र फाळक्यावर बसून होता. दिवाणजी गादीवरून उठून गाळ्याच्या दारात आले होते. शेवटची पिशवी पोचली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

सोजरबाईंनी आधीच्या नऊ पिशव्या एका पोत्यात ओतून ठेवल्या होत्या. दहावी त्यांनी घ्यायला हात पुढे केला. मैनुद्दीनने मान हलवली. पिशवी खांद्यावर ठेवूनच तो सरळ उभा राहिला आणि हाक दिली.

"चाळीस."

गळा राहिलाच नव्हता. पूर्वीच्या हाकेत चार पावलं जायची, या हाकेत एकही गेलं नसतं. पण पोतं होतं.

"झालं का आता तरी?" सोजरबाईंनी विचारलं.

"झालं."

"मंग सरका वाईच. गिरणीला धाडायचंय."

त्या ज्वारीच्या भाकऱ्या चार दिवस पुरल्या. मैनुद्दीनने आठ वर्षं मोडक्या गुडघ्यावर पोती वाहिली, आणि त्या हमालीतून चाळीस पोती ज्वारी आली. ती मार्केट यार्डातल्या हमालांनी खाल्ली. मीही खाल्ली, मच्छिंद्रनेही.